वेडर्स बघायचे तर आधी पाणी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात राहता, दोन वर्षं पक्षी बघता, झाडाझुडपांतले बऱ्यापैकी ओळखता येतात. स्थलांतरित वेडर्स बघायला ऑक्टोबरात भिगवणला गेलात तर सगळीकडे पाणीच पाणी, चिखलात चरणारा एक पक्षी दिसला नाही. मग उरण गाठलंत, तिथे पक्षी होते पण लांबवर ठिपके, आणि जे जवळ आले ते सगळे एकसारखे तपकिरी. कुठे जावं, कधी जावं, ओळखावं कसं, आणि बायनॉक्युलर पुरेल की स्कोप, म्हणजे स्टँडवरची एका डोळ्याने बघायची दुर्बीण, घ्यावा?

तुमची जागा चुकली नाही, महिनाही चुकला नाही. पाण्याचं गणित तेवढं बघायचं राहिलं. वेडर म्हणजे उथळ पाण्यात आणि ओल्या गाळात चरणारा पक्षी. त्याला जागेच्या नावाशी देणंघेणं नसतं. आपल्या पायाला झेपेल इतकं पाणी आणि आपली चोच रुतेल इतका मऊ गाळ जिथे असेल तिथे तो उतरतो. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं निम्मं काम सोपं होतं.

भिगवणचंच बघा. उजनीचं धरण साधारण भाद्रपद-आश्विनात काठोकाठ भरलेलं असतं. बॅकवॉटरचं पाणी शेतांच्या बांधापर्यंत आलेलं, गाळाची पट्टी सगळी खाली बुडालेली. पुढे कालव्यांना आणि नदीला पाणी सुटतं, पातळी हळूहळू उतरते आणि डिसेंबरपासून कुंभारगाव, डिकसळच्या काठांवर गाळ उघडा पडतो. तेव्हा तिथे शेकाटे (स्टिल्ट), पाणटिवळे (गॉडविट), रफ, टिटव्या सगळे जमतात. पैठणच्या नाथसागराचंही असंच. म्हणून पाऊस चांगला झालेल्या वर्षी मोठी धरणं ऑक्टोबरात वेडर्ससाठी धरू नका. अवर्षणाच्या वर्षी गोष्ट उलटी होते, त्यामुळे निघण्याआधी धरणाचा साठा किती टक्के आहे ते बातम्यांत बघून घ्यावं. ही सवय आपल्यातल्या फार कमी लोकांना आहे.

मग शरदात देशावर बघायचं कुठे? लहान जागी. गावतळ्यांच्या पसरट कडा, पाझर तलावांची शेपटी, भात कापल्यावर ओलं राहिलेलं खाचर, नदीतले वाळूचे आणि गोट्यांचे बेट. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत पावसाळा संपल्यावर बर्गे, म्हणजे अडवणीच्या फळ्या, घालतात आणि पाणी तुंबतं. त्याआधीचे काही आठवडे पात्राच्या कडेला गाळ उघडा असतो आणि त्यावर तुतारी जातीचे पक्षी, म्हणजे सँडपायपर, हमखास उतरतात. पुण्याजवळ कवडी पाटला नदीचं पाणी अत्यंत घाण आहे, ते बघून वाईट वाटतं, पण तिथे कीटक आणि अळ्यांची रेलचेल असल्यामुळे शेकाटे, ग्रीन सँडपायपर, वूड सँडपायपर मिळतात. शिकायला ती जागा उत्तम, कारण पक्षी जवळ येतात.

नाशिककडे जाणं होत असेल तर नांदूर मधमेश्वर. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा हा बंधारा गाळाने भरत आला आणि त्यातूनच ही पाणथळ तयार झाली. 2020 साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून ती जाहीर झाली. तिथेही बंधाऱ्यातून पाणी किती सोडलंय यावर सगळं अवलंबून, म्हणून आदल्या दिवशी चापडगावच्या एखाद्या स्थानिक गाइडला फोन करून ‘गाळ उघडा आहे का’ एवढंच विचारा. पक्षी आहेत का, असं विचारलंत तर उत्तर नेहमी ‘आहेत’ असंच येणार.

पण शरदातल्या वेडर्सची खरी मजा किनाऱ्यावर आहे, कारण तिथे पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. उरण, भांडुप, शिवडी, ठाणे खाडी, अलिबागजवळची आक्षी, गोव्यात मोरजी. उरणला तुम्हाला ठिपके दिसले ते बहुतेक ओहोटीला गेल्यामुळे. ओहोटीला गाळ मैलोन्मैल उघडा असतो आणि पक्षी पाण्याच्या सरकत्या रेषेबरोबर आत-आत जातात. भरती चढायला लागली की तीच रेषा त्यांना ढकलत तुमच्याकडे आणते. गाळ पूर्ण बुडाला की ते मिठागरांत, पाणजेसारख्या खाडीकाठच्या पाणथळीत किंवा वाळूच्या उंच टोकावर थव्याने विसाव्याला बसतात. म्हणून भरतीच्या वेळेच्या दोन-अडीच तास आधी जागेवर असावं आणि भरती होऊन तासभर होईपर्यंत हलू नये.

भरतीची वेळ काढायला कोळी बांधवांचा हिशोब अजून कामाला येतो: तिथीला पाऊणने गुणा. द्वादशी असेल तर बारा गुणिले पाऊण, म्हणजे नऊ. त्या दिवशी सकाळी नऊच्या आणि रात्री नऊच्या सुमाराला भरती. मुंबई-रायगडच्या किनाऱ्याला हा हिशोब अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने जुळतो, खाडीत आत जावं तशी भरती थोडी उशिरा. नेमक्या वेळेसाठी भरतीचं कोष्टक बघायचंच, पण महिनाभर आधी रविवार निवडायला तिथी पुरते. दशमी ते चतुर्दशी या तिथींना भरती सकाळी साडेसात ते साडेदहाच्या दरम्यान येते. त्यातही द्वादशीनंतर उधाण जवळ आलेलं असतं, पाणी जोरात चढतं आणि सगळा गाळ झाकून टाकतं. सप्तमी-अष्टमीला भांग असतं. पाणी पुरतं चढत नाही, लांबवर गाळ उघडाच राहतो आणि पक्ष्यांना काठाशी यायचं कारणच उरत नाही. मुंबईत साडेचार मीटरच्या आसपासची किंवा त्यावरची भरती कोष्टकात दिसली तर तो दिवस राखून ठेवा.

आता उजेडाचं. शिवडीचा गाळ तुमच्या पूर्वेला पसरलेला आहे, म्हणजे सकाळी सूर्य डोळ्यांवर आणि पक्षी नुसते काळे. तिथे दुपारची भरती हवी: चतुर्थी-पंचमी, तीन ते पावणेचारच्या दरम्यान. आक्षीचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, तिथे सकाळीच जावं, सूर्य पाठीमागे राहतो. ऑक्टोबरच्या उन्हात साडेनऊ-दहानंतर गाळावरून हवेचे तरंग उठायला लागतात आणि लांबचा पक्षी पाण्यात विरघळल्यासारखा दिसतो. त्यानंतर कितीही महागडी दुर्बीण असली तरी ओळख पटत नाही. तेव्हा विसाव्याला बसलेले जवळचे थवे बघावेत.

एक सूचना कळकळीने करतो. खाडीच्या गाळात उतरू नका. वरून कोरडा दिसणारा गाळ कमरेपर्यंत खेचतो, आणि मागच्या नाल्यात भरतीचं पाणी तुमच्या आधी पोचलेलं असतं.

ओळखीकडे येऊ. सगळे एकसारखे तपकिरी दिसतात कारण तुम्ही रंगापासून सुरुवात करता. झाडावरच्या पक्ष्यांत ते चालतं. वेडर्सचा रंग मात्र वर्षात दोनदा बदलतो आणि शरदात तर एकाच थव्यात तीन प्रकारचे पोशाख असतात, त्यामुळे रंग शेवटी बघायचा. आधी पाय आणि चोच. पायांचा रंग आणि लांबी, चोच डोक्याच्या मानाने किती लांब, सरळ की खाली वळलेली की वर उचललेली. त्यानंतर चरण्याची पद्धत, आणि मला विचाराल तर हीच सगळ्यात भरवशाची खूण.

चिखल्या घराण्यातले पक्षी, म्हणजे प्लोव्हर, डोळ्यांनी शिकार करतात. मोठा डोळा, आखूड चोच. चार पावलं धावायचं, थबकायचं, बघायचं, एक टोच मारायची, पुन्हा धावायचं. कधी कंठेरी चिखल्या किंवा केंटिश प्लोव्हर एका जागी उभा राहून एक पाय ओल्या गाळावर थरथरवताना दिसेल. त्या कंपनाने गाळातले बारीक जीव हलतात आणि तो ते टिपतो. तुतारीच्या घराण्यातले बरेच पक्षी याउलट चोचीने चाचपतात, मान खाली आणि टोचणं अखंड चालू. पाणटिवळा म्हणजे गॉडविट चोच पार डोळ्यांपर्यंत गाळात घालतो. त्या चोचीच्या टोकात स्पर्श ओळखणाऱ्या चेतापेशींची दाटी असते आणि वरच्या चोचीचं फक्त टोक वेगळं उघडू शकतं, त्यामुळे गाळाच्या आतच किडा पकडून तो वर ओढता येतो. स्कोपमधून नीट बघितलं तर चोच बाहेर काढताना गिळण्याची हालचालही दिसते. उचाट्या (अ‍ॅव्होसेट) वर वळलेली चोच पाण्यात डावी-उजवी फिरवतो. ग्रीनशँक मासोळ्यांच्या मागे चक्क धावतो. मार्श सँडपायपर त्याच्यासारखाच दिसतो, पण अंगाने नाजूक, चोच सुईसारखी, आणि तो पाण्याच्या पृष्ठभागावरून हलकेच टिपत फिरतो.

उतरता काठ असेल तर पक्षी पायांच्या लांबीप्रमाणे आपोआप रांगांत लागतात. कोरड्या गवताच्या कडेला उंदरासारखा दबकत चालणारा टेमिंक्स स्टिंट, ओल्या रेषेवर लिटल स्टिंट, घोटाभर पाण्यात वूड सँडपायपर, त्यापुढे रेडशँक आणि ग्रीनशँक, पोटापर्यंतच्या पाण्यात पाणटिवळे, आणि सगळ्यांच्या पुढे शेकाटे. लांबवरचा एखादा ठिपका किती पाण्यात उभा आहे यावरून तो कोण असेल याचा अंदाज बांधता येतो. हा सराव मुद्दाम करा.

देशावर सगळ्यात आधी तीन तुताऱ्या पक्क्या करा, कारण त्या कुठल्याही डबक्यावर भेटतात. कॉमन सँडपायपरच्या छातीच्या कडेला, पंखाच्या पुढे, पांढरी पाचर वर चढलेली असते. तो सतत शेपूट हलवतो आणि पाण्यालगत ताठ पंखांनी झटके देत उडतो. ग्रीन सँडपायपर पाठीने गडद, बहुतेक एकटा, ओढ्याच्या वळणावर. उडाला की काळ्याभोर पंखांमध्ये लख्ख पांढरी कंबर दिसते. वूड सँडपायपरची पाठ ठिपक्यांनी भरलेली, डोळ्यावरून मागेपर्यंत गेलेली पांढरी भुवई, पाय पिवळसर, आणि उठताना चिफ-इफ-इफ असा पातळ आवाज. यातल्या ग्रीन सँडपायपरचं मला फार कौतुक आहे. उत्तरेच्या दलदली जंगलात तो जमिनीवर घरटं न करता झाडावर, दुसऱ्या पक्ष्यांनी सोडलेल्या जुन्या घरट्यात अंडी घालतो. आपल्या ओढ्याच्या चिखलात त्याला बघताना हे आठवतंच.

लिटल आणि टेमिंक्स स्टिंटचा घोळ पायांवरून सुटतो: लिटलचे काळे, टेमिंक्सचे पिवळसर हिरवे. गाळ लागलेला असेल तर सगळेच पाय काळे दिसतात, तेव्हा पक्षी पाण्यातून चालून येईपर्यंत थांबा. किनाऱ्यावर डनलिन आणि कर्ल्यू सँडपायपर हा दुसरा घोळ. कर्ल्यू सँडपायपरची चोच अधिक लांब, ऐटीत खाली वळलेली, पाय उंच, आणि उडताना कंबर स्वच्छ पांढरी. डनलिनच्या कंबरेच्या मधून काळी रेघ जाते. लहान आणि मोठा सँड प्लोव्हर वेगळे करायच्या नादी पहिल्या हंगामात लागू नका. वहीत नुसतं ‘सँड प्लोव्हर’ लिहा, ती नोंदही खरी असते. त्यातल्या लहानाचे आता दोन जातींत विभाजन झालं आहे. आपल्याकडे प्रामुख्याने येतो तो तिबेटी, जो लडाख-तिबेटच्या उंच पठारांवर वीण करतो आणि हिमालय ओलांडून आपल्या वाळूवर उतरतो.

शरदच का, हेही सांगायला हवं, कारण हिवाळ्यात पक्षी जास्त असतात हे खरं. पण शरदात ते कुठल्या टप्प्यावर आहेत ते अंगावर वाचता येतं. जुलैअखेर आणि ऑगस्टमध्ये प्रौढ पक्षी येतात. विणीचे रंग विटलेले, कर्ल्यू सँडपायपरच्या छाती-पोटावर विटकरी डाग अजून शिल्लक. अनेक जातींत विणीचं काम संपलं की जोडीतला एक जण आधीच निघतो, दुसरा पिल्लं सांभाळून मागून येतो. पिल्लं सगळ्यांत शेवटी निघतात, आई-बाप नसताना, आणि तरीही योग्य दिशेने येतात. ती सप्टेंबर-ऑक्टोबरात पोचतात. त्यांची खूण म्हणजे पाठीवरची पिसं कोरी करकरीत, प्रत्येक पिसाला फिकट कडा, त्यामुळे पाठ खवल्यांसारखी दिसते. लिटल स्टिंटच्या पिल्लाच्या पाठीवर पांढरा इंग्रजी व्ही असतो. शेजारून उडणाऱ्या प्रौढाच्या पंखात मात्र मध्येच फट दिसेल, कारण त्याची उडायची पिसं गळून नवी येत असतात. नोव्हेंबरपर्यंत सगळ्यांवर राखाडी रंग चढतो आणि हा फरक पुसट होतो. जो सप्टेंबरात सुरुवात करतो तो हिवाळ्यात चाचपडत नाही. जूनमध्ये खाडीवर दिसणारे थोडे वेडर्स हे बहुतेक पहिल्या वर्षाचे तरुण, त्या वर्षी उत्तरेला न गेलेले.

लिटल स्टिंटचं वजन चिमणीएवढं किंवा त्याहून कमी, आणि तो उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रातून येतो. त्याच्याच घराण्यातल्या बार-टेल्ड गॉडविटने 2022 साली अलास्काहून टास्मानियापर्यंत 13,560 किलोमीटर अकरा दिवसांत न थांबता कापले. ती आपल्याकडे येणारी उपजात नव्हे, आपले पक्षी मध्य आशियाच्या उड्डाणमार्गाने येतात, पण जात तीच, आणि आपल्या किनाऱ्यावर ती दिसते. एवढं उडायला चरबी लागते. काही जाती निघण्यापूर्वी वजन जवळपास दुप्पट करतात. म्हणून विसाव्याला बसलेला थवा फोटोसाठी उठवणं मला सहन होत नाही. बसलेले पक्षी माना वर करून ताठ झाले की तुम्ही फार जवळ आलात असं समजा आणि दोन पावलं मागे या. आक्षीसारख्या किनाऱ्यावर सुट्टीच्या दिवशी गाड्या, घोडे आणि कुत्री त्यांना भरतीच्या वेळात टेकूच देत नाहीत, म्हणून शक्य असेल तर आडवारी जा. तिथे कालवफोड्या (ऑइस्टरकॅचर) आणि सँड प्लोव्हर मिळतील, कधी ग्रेट नॉटही.

या जपण्याला कारण आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत वेडर्सच्या अनेक जातींचा धोक्याचा दर्जा वाढवावा लागला. ग्रे प्लोव्हर, कर्ल्यू सँडपायपर आणि ब्रॉड-बिल्ड सँडपायपर आता असुरक्षित गटात आहेत, डनलिन आणि टर्नस्टोन संकटाच्या उंबरठ्यावर. हे सगळे आपल्या गाळावर येणारे पक्षी आहेत. ठाणे खाडी 2022 मध्ये रामसर स्थळ झाली, गोव्यातलं कुडचड्याचं नंदा तळंही त्याच वर्षी. पण भरतीच्या वेळी बसायच्या जागा, म्हणजे मिठागरं आणि खाजणं, बहुतेक अशा सीमांच्या बाहेर राहतात. चरायला गाळ राखला आणि बसायला जागा भरावाखाली गेली तर पक्षी तो गाळही सोडतो. तुमच्या भागातल्या अशा एखाद्या जागेची तारीखवार नोंद तुमच्याकडे असेल तर भरावाविरुद्धच्या सुनावणीत तीच उपयोगी पडते.

साधनांचं उत्तर: 8×42 बायनॉक्युलर आहे तर पहिला हंगाम त्यावरच काढा. तळी, ओढे आणि भरतीची वेळ नीट साधलीत तर ती पुरते. किनाऱ्यावर नियमित जायचं ठरलं तर मग स्कोप घ्या, 20 ते 60 पट वाढवणारा चालेल, पण पैसे स्टँडवर वाचवू नका. समुद्राच्या वाऱ्यात हलक्या स्टँडवरचा स्कोप थरथरतो आणि काहीच दिसत नाही. लांब लेन्सचा कॅमेरा हा स्कोपला पर्याय समजू नका. फोटो काढण्याच्या नादात पक्षी कसा चरतोय हे बघायचं राहून जातं.

जागा एकच धरा, घराजवळची, आणि ऑगस्टअखेरपासून जमेल तितक्या वेळा तिथेच जा. वहीत पक्ष्यांच्या आधी पाण्याची नोंद करा: पातळी किती, गाळाची पट्टी किती रुंद, किनाऱ्यावर असाल तर तिथी आणि भरतीची वेळ. याद्या ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, 1987 पासून चालू आहे, तिच्यात भाग घ्या, जुन्या माणसांबरोबर मोजणी शिकता येते. आणि थवा बघताना प्रत्येकाच्या पायांवरून एकदा नजर फिरवा. बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) आणि इतर देशांतल्या संशोधकांनी काही वेडर्सच्या पायांत धातूचं कडं आणि रंगीत फ्लॅग (छोट्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या) घातलेले असतात. तसा पक्षी दिसला तर फ्लॅग कुठल्या पायात, सांध्याच्या वर की खाली, रंग वरून खाली कुठल्या क्रमाने आणि त्यावर अक्षरं असतील तर कुठली, हे जागच्या जागी लिहा. जमलं तर फोटो घ्या आणि तारीख-ठिकाणासह बीएनएचएसला कळवा.